आयत्या रक्तावर नागोबा

वैद्यकात अजरामर व्हायचे तुमच्या मनात असेल, तर प्रयोगशाळेची चिंता करू नका. आधी जोडीदार बघा. तो परदेशातून आलेला असावा, दिवसरात्र राबणारा असावा आणि मुख्य म्हणजे आज ना उद्या आपल्या देशी परतणारा असावा. एमिल बेहरिंग या जर्मन डॉक्टरांना बर्लिनमध्ये, जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कोख यांच्या संस्थेत, असा माणूस मिळाला. शिबासाबुरो कितासातो त्यांचे नाव. धनुर्वाताचा जंतू हवेत वाढतच नाही, त्यामुळे तो कोणाला निर्भेळ वाढवता येत नव्हता. या जपानी गृहस्थांनी १८८९ मध्ये तो वाढवून दाखवला. असा माणूस शेजारच्या टेबलावर असला की निम्मे काम झाले समजा.

रोग मात्र स्वतः निवडा. घटसर्प फार सोयीचा. त्याच्या नावाने युरोपातल्या आया थरथर कापत. पोराच्या घशात राखाडी पापुद्रा चढायचा, श्वास कोंडायचा, आणि श्वासातून वाचलेच तर आठवड्या-दोन आठवड्यांत हृदय दगा द्यायचे. अशा रोगावर जो उतारा देईल त्याचे पुतळे उभे राहणार. जंतू शोधण्याच्या भानगडीत पडू नका, ते इतरांनी करून ठेवले आहे. क्लेब्स यांनी १८८३ मध्ये तो पाहिला, लोफ्लर यांनी १८८४ मध्ये वाढवला. या लोफ्लर यांचा आदर्श तर चुकूनही ठेवू नका. आपल्या सिद्धांताला जिथे जिथे भोके होती ती त्यांनी स्वतःच छापून टाकली: काही रोग्यांच्या घशात जंतू सापडत नाही, एका निरोगी मुलाच्या घशात मात्र सापडतो, आणि जंतू घशातच बसून राहतो तर आतले अवयव कसे बिघडतात? इतका प्रामाणिक माणूस नोबेलपर्यंत कसा पोचणार? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर १८८८ मध्ये पॅरिसला रू आणि येर्सें यांनी दिले. जंतू गाळून काढले तरी उरलेल्या द्रवाने प्राणी मरतात. मारेकरी जंतू नव्हे, त्याने सोडलेले विष.

आता तुमची पाळी. प्राण्याला हे विष झेपेल अशा बेताने टोचत गेले की तो विषाला पुरून उरतो, आणि त्याच्या रक्तातला सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारे पाणी, दुसऱ्या प्राण्याला टोचला की तोही वाचतो. एकाने सोसायचे, दुसऱ्याने आयते वापरायचे. या आयत्या प्रतिकारशक्तीत खोट एवढीच, की ती काही आठवड्यांत उतरते. आयत्या श्रेयाला तसला काही त्रास नाही.

ते श्रेय कसे टोचून घ्यायचे, हे नीट लक्षात ठेवा. ४ डिसेंबर १८९० रोजी बेहरिंग आणि कितासातो यांचा जोडलेख एका जर्मन वैद्यकीय साप्ताहिकात आला. शीर्षकात घटसर्प आधी, धनुर्वात नंतर. आत तपशीलवार प्रयोग मात्र धनुर्वाताचे, म्हणजे कितासातोंच्या हातखंड्याचे. मग एक आठवडा दम धरायचा. ११ डिसेंबरला बेहरिंग यांचा घटसर्पावरचा लेख आला, खाली सही एकट्याची. भांडण नाही, आरोप नाही, कटुता नाही. फक्त सात दिवस. आपल्याकडे शोधनिबंधावरच्या नावांच्या क्रमावरून वर्षानुवर्षे अबोला धरणाऱ्या प्राध्यापकांनी हा धडा गिरवायला हरकत नाही.

पुढे एक अडचण येईल. तुमचा सीरम गिनीपिगला वाचवतो, पण पोराला वाचवण्याइतकी ताकद त्यात नसते, आणि प्रत्येक बाटलीची ताकद वेगळी. तेव्हा पाउल एर्लिख यांना गाठा. विषाची मात्रा पायरीपायरीने वाढवत जनावराच्या रक्तातले प्रतिविष, म्हणजे विषाला निकामी करणारे द्रव्य, कसे घट्ट करायचे ते त्यांना ठाऊक असते. शिवाय अडीचशे ग्रॅमच्या गिनीपिगला शंभर मारक मात्रांपासून वाचवेल ते एक एकक, असे मापही ते बांधून देतात. काम झाले की नफ्याचा विषय काढा. सीरम बनवणाऱ्या होएक्स्ट कंपनीशी झालेल्या व्यवहारातला आपला वाटा एर्लिख यांनी सोडला, त्यांना स्वतंत्र संस्थेची आशा होती. पुढे दोघांचे बिनसले. पण तोवर सीरम बाजारात आला होता आणि बेहरिंग यांची भरभराट सुरू झाली होती. पॅरिसच्या रू यांनी घोड्यांचा सीरम वापरून मुलांच्या रुग्णालयातले घटसर्पाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणले आणि १८९४ मध्ये बुडापेस्टच्या परिषदेत ते आकडे मांडले. त्याचीही काळजी करू नका. टाळ्या त्यांना मिळाल्या. पारितोषिक तुमच्याकडेच येणार आहे.

१९०१ मध्ये वैद्यकाचे पहिलेवहिले नोबेल आले, ते सीरमोपचारासाठी, विशेषतः घटसर्पावरच्या. बेहरिंग एकटेच. एर्लिख यांना सात वर्षे थांबावे लागले, तेही अर्ध्या वाट्यावर. कितासातोंना मिळालेच नाही. २०२४ पासून त्यांचा चेहरा जपानच्या हजार येनच्या नोटेवर आहे, ते वेगळे. त्यांच्यासाठी फार हळहळू मात्र नका. १८९४ मध्ये हाँगकाँगला प्लेगचा जंतू शोधायला तेही गेले आणि येर्सेंही गेले. प्रेते कितासातोंच्या वाट्याला, येर्सेंच्या वाट्याला गवताची झोपडी. शवागाराच्या पहारेकऱ्यांचे हात ओले करून येर्सेंनी नमुने मिळवले. आज त्या जंतूला नाव येर्सेंचे आहे. दोनच वर्षांनी तोच प्लेग मुंबईत उतरला, तेव्हा मांडवीतल्या माणसांना जंतूवर नाव कोणाचे याची विचारपूस करायला सवड नव्हती.

एवढे सगळे जमणार नसेल, तर निदान घोडा होऊ नका. सेंट लुईस शहराच्या आरोग्य खात्याकडे जिम नावाचा घोडा होता. आधी दुधाची गाडी ओढायचा, मग घटसर्पाच्या सीरमसाठी रक्त देऊ लागला. १९०१ च्या ऑक्टोबरात त्याला धनुर्वात झाला म्हणून मारून टाकले. सप्टेंबरअखेर काढलेला त्याचा सीरम मात्र तपासणी पुरी होण्याआधीच बाटल्यांत भरून डॉक्टरांकडे गेला होता. घटसर्पातून वाचवायला आणलेली १३ मुले धनुर्वाताने गेली, कितासातोंनी ज्याच्यावर उतारा दाखवला होता त्याच रोगाने. दोन महिने उलटायच्या आत स्टॉकहोममध्ये नोबेलचा समारंभ झाला. असा योग तुमच्या नशिबी आलाच, तर भाषणात उपचारांच्या उज्ज्वल भविष्याबद्दल बोला, बाटल्यांबद्दल नको. त्या बाटल्या तपासायला लावणारा कायदा अमेरिकेत १९०२ मध्ये झाला. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच. फक्त इथला घोडा वरातीआधीच गेला होता.