कमरेइतकं पाणी

माझा नंबर सातवा आला. निवडले सहा.

मी ज्या ऑनलाइन अंकात लिहितो, त्यात वर्षभर जे छापून आलं त्यातून 'वर्षातलं उत्तम' निवडून परवा यादी लागली. संपादिका मॅडमनी प्रेमानं कळवलं, "सर, तुमची कथा अगदी थोडक्यात राहिली हो!" थोडक्यात राहिली हे सांगायचं नसतं. बस चुकलेल्या माणसाला 'आत्ताच गेली, दोन मिनिटं झाली असतील' असं आवर्जून सांगणारे लोक असतात ना, त्यातलाच हा प्रकार. मी 'हरकत नाही' असं लिहिलं, खाली हात जोडले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या नाशिकच्या गंगापूर रोडवरून दोन रिक्षा बदलून जेलरोडला त्यांच्या घरी हजर झालो. त्यांचं एक पुस्तक दोन वर्षं माझ्याकडे पडून होतं. ते परत करण्याची हीच वेळ आहे असं मला अचानक वाटलं.

मॅडम दिवसा कॉलेजात शिकवतात, रात्री अंक काढतात. फुकट काढतात, त्यामुळे आम्ही फुकट लिहितो. मानधनाऐवजी 'लिंक जास्तीत जास्त शेअर करा' असा निरोप मिळतो. म्हणजे माल आपला, हमालीही आपलीच.

चहा टाकून त्यांनी मला निवडीची पद्धत समजावली. पद्धतीत खोट काढता येईना. लेखकाचं नाव झाकायचं. दोघांनी वेगवेगळं वाचून दहापैकी गुण द्यायचे, एकमेकांचे गुण बघायचे नाहीत. तफावत फार असेल तर कथा तिसऱ्या वाचकाकडे जाते. माझ्या कथेला एकानं नऊ दिले होते, दुसऱ्यानं चार. (नऊवाल्याचं नाव मी तीनदा विचारलं, सांगितलं नाही.) आणि सहाच का? तर अमेरिकेत पुशकार्ट नावाचं पारितोषिक आहे, १९७६ पासूनचं. त्यासाठी छोट्या मासिकांनी आपल्याकडच्या जास्तीत जास्त सहा रचना पाठवायच्या असतात. तो आकडा मॅडमना आवडला.

"पुशकार्ट म्हणजे हातगाडीच ना?" आतल्या खोलीतून आवाज आला.

"हो, बाबा."

"मग आपलं बरंय म्हणायचं. हातगाडीवाला निवडून घेऊच देत नाही."

पाठोपाठ आवाजाचे मालक बाहेर आले. मॅडमचे सासरे. सगळी गल्ली त्यांना तात्या म्हणते. पांढरा बनियन, लेंगा, कपाळावर सरकवलेला चष्मा आणि हातात भिंग.

"हे आपले तिसरे वाचक," मॅडम म्हणाल्या, आणि दूध उतू जाईल म्हणून आत गेल्या. दूध मघाशीच खाली उतरवलेलं मी पाहिलं होतं.

नाशिकरोडला 'प्रेसमध्ये होतो' असं कुणी म्हटलं की तो पत्रकार असेल असं समजू नये. प्रेस म्हणजे नोटांचा छापखाना, १९२८ सालचा. तात्यांनी तिथे जन्म काढला. काम काय, तर छापून आलेल्या शीटवर नजर फिरवायची आणि खराब असेल ती बाजूला काढायची.

"मी साहित्य वाचत नाही," तात्यांनी आधीच सांगून टाकलं. "मी तपासतो."

मोबाइलवर त्यांना तपासता येत नाही. म्हणून सूनबाई झेरॉक्सवाल्याकडून कथा छापून आणतात. टीपॉयवर रबरबँड लावलेली दोन बंडलं होती. एकावर लाल पेन्सिलीनं 'चांगल्या' लिहिलेलं, दुसऱ्यावर 'खराब'. तात्यांनी 'खराब' सोडलं. प्लॅस्टिकच्या डबीतल्या ओल्या स्पंजवर बोट टेकवून माझी कथा मोजली. सात पानं. पुन्हा मोजली. मग पान चार ट्यूबलाइटसमोर धरून एक डोळा मिटला.

"पाण्याची खूण सापडत नसेल," मी हसत म्हणालो. नोटांच्या माणसापुढे इतपत विनोद चालावा.

तात्या हसले नाहीत. "खूण नाही, पण पाणी आहे. आणि तेच चुकलंय."

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगायला हवं. आमच्या गोदाघाटावर दुतोंड्या मारुती आहे, दोन्ही बाजूंना तोंड असलेला, थेट नदीपात्रात उभा. पावसाळ्यात धरणातून किती क्युसेक सोडले हे पेपरात येतं, पण नाशिककराला त्यातलं काही कळत नाही. मारुतीच्या गुडघ्याला लागलं का, कमरेला लागलं का, एवढंच तो विचारतो. माझ्या कथेत पाणी मारुतीच्या कमरेला लागतं आणि त्याच रात्री सराफ बाजारात शिरतं. नायकाचं दुकान बुडतं.

"कमरेला पाणी आलं की लोक फोटो काढायला जातात," तात्या म्हणाले. "दुकान आवरायला नाही. सराफ बाजारात पाणी यायचं तर मारुतीच्या छातीच्या वर पाहिजे. २०१६ ला कुठे होतात तुम्ही?"

"इथेच होतो."

"२०१९ ला?"

"इथेच होतो, तात्या. पण ही कथा आहे. कमरेइतकं पाणी हे प्रतीक आहे. तो माणूस संसारात अर्धा बुडालेला आहे."

"मग संसारात बुडवा ना. त्यात मारुतीला कशाला ओढता? तो ब्रह्मचारी."

यावर समीक्षेत उत्तर नाही. मी चहा प्यायलो. तो गार झाला होता.

"नाव झाकलेलं होतं," तात्या पुढे म्हणाले, "पण एकच लेखक आहे हे लगेच कळलं. मागच्या वर्षीच्या कथेतही दर पानावर 'जणू' दोनदा होतं." (घरी येऊन मोजलं. पान पाचवर चार आहेत.)

मग मी विचारायला नको ते विचारलं. सहावी कथा कोणती? तात्यांनी 'चांगल्या'मधून काढून दिली. नॉर्वे. बर्फ, मेणबत्ती, एक एकटी बाई आणि खिडकी. लेखकाला मी ओळखतो. तो इथेच सिडकोत राहतो आणि थंडीत निफाडच्या पुढे जात नाही.

"यात काही चुकलेलं नाही?"

"मला काय माहीत तिकडे बर्फ किती पडतो? छपाई स्वच्छ आहे."

आता हे विनोद म्हणून सांगतोय, पण मला खरंच लागलं. आपल्या गावाबद्दल लिहा म्हणतात, मातीतलं लिहा म्हणतात, आणि तसं लिहिलं की गावातला प्रत्येक जण फूटपट्टी घेऊन उभा. नॉर्वेवाल्याला कुणी विचारत नाही की बाबा रे, बर्फ गुडघ्याला होता की कमरेला. ओस्लोतले तात्या मराठी वाचत नाहीत, ही त्याची प्रतिभा.

पूर्वी बरं होतं. 'मनोरंजन'नं १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणूस चकलीबरोबर कथा चावत आला. संपादकानं ती कशी निवडली हे विचारायची सोय नव्हती. नकार आला तर 'साभार परत', बस्स. दोन शब्द, कारण नाही. हस्तलिखितासोबत आपणच आपला पत्ता लिहून, तिकीट लावून पाकीट जोडायचं. म्हणजे अपमानाचा टपालखर्चही आपल्याकडे. पण लेखक आयुष्यभर समजू शकायचा की संपादकाला कळलं नाही. आता कळतं, कुणाला काय कळलं ते.

हे मी बोलून दाखवलं तर तात्या एकदम खुलले. "ते तिकीटही इथलंच! शेजारच्या प्रेसमध्ये छापलेलं." त्यांचा चेहरा असा अभिमानानं फुलला, की माझे नकार वाहून आणणं ही जेलरोडची पिढीजात सेवा असावी.

निघताना मॅडम दारापर्यंत आल्या. "सर, कथा मला खूप आवडली होती." संपादकाला एक तोंड आत आणि एक बाहेर ठेवावं लागतं हे मी समजू शकतो. घाटावरचा तोही तसाच उभा आहे.

घरी येऊन दोन दिवस फुरंगटून बसलो. तिसऱ्या दिवशी मेल केली. ऑनलाइनचा एक फायदा असतो, छापून आल्यावरही दुरुस्ती करता येते. तर कृपया पान चारवर 'कमरेला'च्या जागी 'छातीच्या वर' करावं. मॅडमनी तासाभरात केलंही. मी लिंक उघडून खात्री केली, आणि खरं सांगतो, वाक्य सुधारलं होतं.

संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"तात्या बोलतोय. नवीन प्रिंट काढून आणली. पान चारवर छातीच्या वर केलंत, छान केलंत. पण पान सहावर पाणी अजून कमरेलाच आहे. आणि पाऊस तर वाढलाय."