डेन्मार्कच्या राजाने पिवळा तारा लावला नव्हता

दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्क नाझी जर्मनीच्या ताब्यात असताना तिथला राजा दहावा ख्रिश्चन याने ज्यूंची ओळख म्हणून त्यांच्यावर लादलेला पिवळा तारा स्वतःच्या कोटावर लावला, प्रजेनेही तेच केले आणि त्यामुळे ज्यू कोण हे जर्मनांना ओळखता आले नाही, असा मजकूर सध्या समाजमाध्यमांवर फिरतो आहे. तो खरा नाही. डेन्मार्कमध्ये पिवळ्या ताऱ्याची सक्ती कधी झालीच नव्हती. तशी वेळ आली तर आपण सर्वांनीच तो लावावा, अशी नोंद राजाने १९४१ मध्ये दैनंदिनीत केली होती, एवढे मात्र खरे.

तिथले ज्यू वाचले ते सामान्य माणसांनी त्यांना लपवल्यामुळे. ऑक्टोबर १९४३ मधील धरपकडीची बातमी आधीच फुटली आणि कुटुंबेच्या कुटुंबे ओळखीपाळखीच्या घरांत, कोपनहेगनच्या इस्पितळांत, किनाऱ्यावरच्या गावांत दडून राहिली. मासेमारीच्या बोटींतून सात हजारांहून अधिक जण स्वीडनला पोहोचले. राजाच्या गोष्टीत या माणसांना जागाच उरत नाही, याचे वाईट वाटते. शिवाय सारेच काही सुटले नाहीत. गिलेलाये गावातील चर्चच्या माळ्यावर लपलेले सुमारे ८० जण एका रात्रीत पकडले गेले, आणि देशभरातून एकूण सुमारे ४७० जणांची रवानगी तेरेझीन इथल्या नाझींच्या बंदिछावणीत झाली.