बटण दाबण्याआधीची दोन मिनिटे

दोन सारखे दिवे बॅटरीला एकसर, म्हणजे एकामागे एक, जोडले, तर त्यांतला कोणता अधिक उजळेल, हा प्रश्न मी दरवर्षी सातवीच्या वर्गाला विचारते आणि दरवर्षी बरेचसे हात ‘बॅटरीजवळचा’ या उत्तरासाठी वर जातात. कारण विचारले की मुले शांतपणे सांगतात, पहिल्या दिव्याने थोडी वीज वापरून टाकली, मग दुसऱ्याच्या वाट्याला उरलेलीच येणार. उत्तर चुकीचे आहे, पण त्यामागे विचार आहे, आणि मला शिकवायचे असते ते या विचारालाच.

हा पाठ मी कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर येथील ‘फेट’ प्रकल्पाच्या सिम्युलेशनवर, म्हणजे संगणकावरच्या आभासी प्रयोगावर, घेते. नोबेल पारितोषिक विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ साली सुरू केलेला हा प्रकल्प शाळांना विनामूल्य वापरता येतो आणि त्यातले विद्युतमंडलाचे सिम्युलेशन उत्तम आहे. तारा जोडाव्यात, दिवा लावावा, इलेक्ट्रॉन सरकताना पाहावेत. पहिल्या वर्षी मी ते थेट पडद्यावर उघडले, दोन्ही दिवे सारखेच उजळलेले दाखवले, मुलांनी ‘मस्त!’ म्हणून दाद दिली आणि मी समाधानाने तास संपवला. पंधरवड्यानंतरच्या चाचणीत तेच जुने उत्तर परत आले, जणू मधला तास झालाच नव्हता.

पुढच्या वर्षी मी एवढाच बदल केला की पडदा बंद ठेवून मुलांना आधी वहीत उत्तर आणि त्याखाली एका ओळीत कारण लिहायला लावले. या कामाला दोन मिनिटे लागतात. त्यानंतर सिम्युलेशन सुरू केले, तेव्हा वर्गात आधी शांतता आणि मग वाद झाला. ज्याने लिहून दिले आहे त्याला पडद्यावरचे दृश्य नुसते पाहून सोडता येत नाही. आपले कुठे चुकले, हे त्याला शोधावेच लागते. एका मुलीने स्वतःहून ॲमीटर (विद्युतप्रवाह मोजणारे साधन) आधी पहिल्या दिव्याच्या अलीकडे, मग पलीकडे लावायला सांगितला आणि दोन्हीकडे आकडा सारखाच आला. तो तास खऱ्या अर्थाने त्या मुलीनेच घेतला, असे मी म्हणेन. (जाता जाता, पडद्यावरचे ते इलेक्ट्रॉन ठळक आणि चपळ दाखवलेले असतात, प्रत्यक्ष तारेत त्यांची एकंदर सरक सहसा सेकंदाला एका मिलिमीटरहूनही कमी असते. हे सांगितले नाही, तर एक गैरसमज काढताना आपणच दुसरा पेरतो.)

म्हणून उच्च प्राथमिक टप्प्यावरच्या, म्हणजे साधारण अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी कोणतेही नवे साधन समोर आले की मी एकच गोष्ट तपासते: हे साधन मला मुलाचा विचार दाखवते, की मुलाला फक्त माझा विचार दाखवते? या वयात मुले चुकीची समजूत लपवण्यात तरबेज होतात. लहान वर्गांत सर्रास ऐकू येणारे ‘कळले नाही’ आता कोणी म्हणत नाही, कारण शेजारचा हसेल याची धास्ती असते.

नेमक्या या अडचणीवर मला सर्वांत उपयोगी पडलेले साधन छापील कागदाचे आहे. ‘प्लिकर्स’मध्ये प्रत्येक मुलाला काळ्या-पांढऱ्या नक्षीचे एक कार्ड मिळते, त्याच्या चार बाजूंवर चार पर्यायांची अक्षरे असतात, आणि मूल आपल्या उत्तराची बाजू वर करून कार्ड धरते. शिक्षक फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवतो आणि सगळी उत्तरे नोंदली जातात. प्रत्येकाची नक्षी वेगळी असल्यामुळे शेजाऱ्याचे पाहून काही कळत नाही. मुलांच्या हाती उपकरण लागत नाही आणि चार्जिंग संपल्याची तक्रारही येत नाही.

मात्र कार्डांचा कस लागतो तो प्रश्नाच्या बांधणीत. समजा, ०.४, ०.३५ आणि ०.१२५ यांतली मोठी संख्या विचारली. ज्याने ०.१२५ निवडले, तो दशांशचिन्हानंतरचे अंक पूर्ण संख्येसारखे वाचतो आहे, हे लगेच कळते. पण ०.४ निवडणाऱ्यांत दोन प्रकारची मुले असतात: ज्यांना स्थानिक किंमत समजली आहे ती, आणि ‘दशांशात जितके अंक कमी तितकी संख्या मोठी’ असा स्वतःचा नियम करून बसलेली. दुसऱ्या गटाला या प्रश्नात पूर्ण गुण मिळतात! म्हणून लगोलग ०.३ आणि ०.४५ यांची तुलना विचारावी लागते, जिथे हा नियम उघडा पडतो, आणि पहिल्या प्रश्नात चुकलेला मुलगा मात्र इथे चुकीच्या कारणाने बरोबर ठरतो. दोन्ही उत्तरे शेजारी ठेवल्याशिवाय वर्गाचे चित्र दिसत नाही. आपोआप गुण देणाऱ्या बहुतेक चाचण्या या दोघांनाही पन्नास टक्के देऊन मोकळ्या होतात.

हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९० च्या दशकात रूढ केलेली पद्धत इथे जशीच्या तशी चालते: आधी प्रत्येकाने एकट्याने उत्तर द्यायचे, मग उत्तर जाहीर न करता शेजाऱ्याशी चर्चा, मग पुन्हा उत्तर. ती महाविद्यालयासाठी घडली असली, तरी बारा वर्षांच्या मुलांना वाद घालायला फारसे शिकवावे लागत नाही.

मुलाचा विचार दिसायला हवा, याच कारणामुळे लवकर उत्तर देणाऱ्याला जास्त गुण देणारे प्रश्नमंजूषेचे खेळ मी जवळजवळ बंद केले आहेत. त्यांत गंमत येते, हे मान्य. पण ज्या मुलाला विचार करायला वीस सेकंद हवी असतात, तो तिसऱ्या प्रश्नापासून वाटेल ते दाबू लागतो, आणि त्यानंतरच्या त्याच्या नोंदींना काही अर्थ उरत नाही. जिथे सेटिंगमध्ये वेगाचे गुण काढून टाकता येतात, तिथे आधी तेवढे करावे.

तयार साहित्याबद्दल थोडक्यात सांगते. ‘मुक्त शैक्षणिक संसाधने’ (कोणालाही वापरता आणि बदलता यावे म्हणून खुले ठेवलेले साहित्य) ही संज्ञा २००२ साली युनेस्कोच्या बैठकीत पुढे आली; अशा साहित्याचा खरा फायदा फुकट मिळण्यापेक्षा बदल करता येण्यात आहे. परवाना बदलाला मुभा देतो का, हे पाहून घ्यावे. दुसरे म्हणजे, प्रत आपल्याकडे ठेवावी. ॲनिमेशन चालवणाऱ्या ‘फ्लॅश’ या सॉफ्टवेअरला मिळणारा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी थांबला, तेव्हा कित्येक शिक्षकांनी वर्षानुवर्षे जमवलेली ॲनिमेशन्स निरुपयोगी झाली. शिवाय अनेक सेवांच्या अटींत किमान वय तेरा असते आणि आपल्या वर्गातली निम्मी मुले त्या रेषेच्या अलीकडे असतात, म्हणून मुलांची खाती उघडण्याआधी त्या अटी एकदा तरी वाचाव्यात. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून मी चुकीच्या पर्यायांचे कच्चे खर्डे घेते. मात्र एकदा तिने दिलेल्या चार पर्यायांत बरोबर उत्तरच नव्हते आणि ते माझ्याआधी मुलांनी पकडले, तेव्हापासून प्रत्येक प्रश्न मी स्वतः सोडवून पाहिल्याशिवाय वर्गात नेत नाही.

नव्या शिक्षकांनी विचारले की आधी काय घ्यावे, तर मी फोनचा कॅमेरा खाली वहीकडे राहील असा फोन धरून ठेवणारा साधा स्टँड सुचवते. फोन प्रोजेक्टरला जोडला की मुलाची वही पडद्यावर येते. मी मुलाची परवानगी घेते, नाव झाकते आणि चुकलेले गणित दाखवून वर्गाला विचारते की या सोडवणाऱ्याच्या मनात कोणता नियम असावा. गेल्या आठवड्यात अशाच एका वहीत ३/४ आणि १/२ यांची बेरीज ४/६ लिहिलेली होती. मागच्या बाकावरून उत्तर आले, ‘बाई, त्याने वरचे वरच्यात आणि खालचे खालच्यात मिळवले; पण मग उत्तर पाऊणपेक्षा कमी कसे आले?’