साक्षीदार एकच, म्हणून सुटका?

‘खुनाच्या केसला डोळ्यांनी पाहणारे किमान दोन साक्षीदार लागतात. एकच असला तर खालच्या कोर्टाने जन्मठेप दिली तरी धारवाडला अपील केलं की माणूस सुटतोच. साक्षीदार मयताच्या घरचा असेल तर त्याची साक्ष धरतच नाहीत. आणि मराठी माणसाचा जबाब कानडीत लिहिला असेल तर तो आपोआप बाद.’ कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर-निपाणीकडच्या मराठी ग्रुपांवर हा मजकूर फिरतोय, वर ‘कायदा जाणून घ्या’ असा मथळा लावून. (धारवाडला म्हणजे तिथल्या कर्नाटक हायकोर्टाच्या खंडपीठाकडे.) यातलं एकही वाक्य जसंच्या तसं खरं नाही.

दोन साक्षीदारांची गोष्ट आधी. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, पंचनाम्याला दोन पंच लागतात. तिथूनच ही समजूत खुनाच्या खटल्यात शिरली असावी. पण १८७२च्या पुरावा कायद्याचं कलम १३४ सरळ सांगत होतं की कोणतीही गोष्ट शाबीत करायला साक्षीदारांचा ठराविक आकडा लागत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तेच कलम १३९ म्हणून आलं आहे.

सुप्रीम कोर्टाने १९५७ साली वडिवेलू थेवर विरुद्ध मद्रास राज्य या निकालात हा विषय मुळापासून हाताळला. त्या खटल्यात भिस्त होती ती मयताच्या बायकोच्या साक्षीवर. साक्षीदार एकटी, त्यात घरची. तरी कोर्टाने शिक्षा कायम ठेवली, आणि ती फाशीची होती. निदान साक्षीदार एकच म्हणून तरी फाशी नको, हा मुद्दाही मानला नाही.

त्याच निकालात साक्षीदारांचे तीन प्रकार सांगितले आहेत: पूर्ण विश्वासार्ह, पूर्ण अविश्वसनीय, आणि धड ना इकडचा ना तिकडचा. पहिला एकटा पुरतो. दुसऱ्यासारखे दहा आणले तरी उपयोग नाही. खरी लढाई होते ती तिसऱ्यावर. त्याच्या सांगण्याला दुसऱ्या कशाचा तरी आधार लागतो, आणि तो आधार माणसाचाच हवा असं नाही. जखमा, रक्ताचे डाग, फोनची नोंद, काहीही चालतं. १९९३च्या अनिल फुकन निकालात एकाच साक्षीदारावर उभी असलेली शिक्षा सुप्रीम कोर्टाने रद्द केली. ती आकड्यामुळे नाही, साक्ष कसाला उतरली नाही म्हणून. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने असाच एखादा निकाल ऐकला असेल आणि त्याचा नियम करून टाकला असेल.

अपिलात साक्षीदाराला सहसा पुन्हा पिंजऱ्यात उभं करत नाहीत. न्यायमूर्तींपुढे कागद असतात, आणि त्या कागदांतून ते साक्ष नव्याने तपासतात. आपल्याकडचंच धरा. बांधाचा वाद, रात्रीची वेळ, उसाच्या फडाकडेला खून. साक्षीदार तिथे काय करत होता? मोटारीची थ्री फेज वीज रात्रीची होती, पाणी पाजायला गेला होता, तर त्याचं तिथे असणं पटतं. दुसऱ्या गावचा माणूस अपरात्री सहज तिकडून चालला होता म्हणाला, तर शंका येते. उजेड कशाचा होता? वाढलेल्या उसातून सरीपलीकडचं किती दिसलं? रोजच्या ओळखीचा भाऊबंद अंधुक उजेडातही चालीवरून, आवाजावरून ओळखू येतो. अनोळखी माणसासाठी सहसा ओळख परेड लागते, म्हणजे संशयिताला इतरांत उभं करून साक्षीदाराला ओळखायला लावतात, आणि परेडच्या आधीच मोबाइलवर संशयिताचा फोटो दाखवला असेल तर त्या परेडला किंमत उरत नाही. फिर्याद किती वाजता नोंदली, तिची प्रत मॅजिस्ट्रेटकडे कधी पोचली, साक्षीदाराचा जबाब त्याच दिवशी झाला की आठवड्याने, तो कोयता म्हणतो आणि पोस्टमॉर्टेममध्ये बोथट वस्तूचा मार निघतो का, इथे शिक्षा टिकते नाहीतर पडते.

या फॉरवर्डवर माझा खरा राग आहे तो वेगळ्याच कारणाने. दोन लागतात असं ऐकलं की मयताच्या घरचे दुसरा शोधायला लागतात. कुणीतरी चुलतभाऊ ‘मीही होतो’ म्हणायला तयार होतो. उलटतपासणीत तो कोसळतो, त्या रात्री तो कोल्हापूरला होता हे निघतं, आणि पहिल्या खऱ्या साक्षीदारावरही संशयाची सावली पडते. आकड्याचा हट्ट धरला तर खोटे साक्षीदार उभे करायला उत्तेजन मिळेल, हा धोका १९५७च्या निकालातच बोलून दाखवला आहे. एका बाईच्या खऱ्या साक्षीवर टिकली असती ती केस मदतीला आलेल्या चुलतभावामुळे बुडते.

घरच्या साक्षीदाराचं अर्धं उत्तर वर आलंच. १९५३च्या दलीप सिंग निकालात कोर्टाचं म्हणणं असं की जवळचा नातेवाईक खऱ्या मारेकऱ्याला मोकळं सोडून भलत्यालाच अडकवेल, हे सहसा होत नाही. पण वैर असलं की खऱ्या आरोपीबरोबर एखाद्या निरपराधाचंही नाव ओवलं जातं, हेही तिथेच म्हटलं आहे. भाऊबंदकीत एकाने मारलं आणि फिर्यादीत चारही भावांची नावं, हे आपल्याला नवीन नाही. तिथे कोर्ट प्रत्येकाचा भाग वेगळा तपासतं. मोठ्या जमावाच्या हल्ल्यात तर प्रत्येक आरोपीविरुद्ध दोन-तीन साक्षीदारांचा मेळ बघावा, असं १९६४च्या मसल्ती निकालात आहे. ‘दोन’चा आकडा खुनाच्या कायद्यात दिसतो तो एवढाच, आणि तोही सावधगिरीचा नियम म्हणून.

कानडी जबाबाबद्दल. पोलीस ठाण्यात लिहिलेला जबाब मुळात पुरावाच नसतो. साक्षीदार कोर्टात वेगळं बोलला तर त्याचं बोलणं खोडून काढायला बचाव पक्ष हा जबाब वापरतो. त्यावर साक्षीदाराची सहीही घ्यायची नसते. पुरावा म्हणजे कोर्टात शपथेवर सांगितलेलं. मराठीत साक्ष दिली तर शक्यतो मराठीतच नोंदवावी, नाहीतर कोर्टाच्या भाषेत तिचं नीट भाषांतर व्हावं, आणि साक्षीदाराला ती भाषा कळत नसेल तर नोंदवलेलं त्याला कळणाऱ्या भाषेत समजावून सांगावं, असं कायदा म्हणतो (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ३१२ आणि ३१३; आधी फौजदारी प्रक्रिया संहितेत २७७ आणि २७८). चूक दिसली तर तिथल्या तिथे सांगायची. बेळगावच्या कोर्टात गप्प बसून धारवाडला ‘मी असं बोललोच नव्हतो’ म्हणणं फार अवघड जातं, कारण तिथे साक्षीदार नसतो, कागद असतो.

मग ‘अमका सुटला’ असं गावात का ऐकू येतं? बऱ्याचदा तो सुटलेला नसतो. अपील पडून असतं आणि हायकोर्टाने तोवर शिक्षा स्थगित करून जामीन दिलेला असतो. कधी खुनाचं कलम जाऊन सदोष मनुष्यवधाचं लागतं आणि शिक्षा कमी होते. जामिनावर आलेला माणूस पारावर बसलेला दिसतो, लोक निर्दोष समजतात, आणि अपील फेटाळलं गेलं की त्याला उरलेली शिक्षा भोगायला हिंडलग्याच्या जेलमध्ये परत जावं लागतं.