आडोसा

वाळवंटात माणसाचे हाल पाण्यावाचून होतात, असं भूगोलात शिकवतात. ते धडे लिहिणाऱ्यांच्या गाडीत मागच्या सीटवर मावशी नसणार. तिथे खरा दुष्काळ असतो तो आडोशाचा.

बिकानेरहून जैसलमेरला निघालो होतो. थरच्या कडेकडेनं जाणारा साधारण ३३० किलोमीटरचा रस्ता. गाडी चालवायला मी, शेजारी ही, मागे मावशी आणि काका. निघायच्या आधी आठवडाभर काकांनी वाचन केलं होतं. काकांचं वाचन हा आमच्या सहलींमधला कायमचा पाचवा प्रवासी, आणि गाडीत सर्वांत जास्त जागा तोच अडवतो.

"वाटेत फलोदी लागेल. १९ मे २०१६. तापमान ५१ अंश! माणूस नुसता वाळतो. चला, पाणी प्या."

महिना डिसेंबरचा होता आणि काका स्वतः हातविणीचा स्वेटर घालून बसले होते. तरी दर अर्ध्या तासानं फिरकीचा तांब्या गाडीभर फिरायचा. थंडीत घाम येत नाही, त्यामुळे प्यायलेलं जवळजवळ सगळं पाणी मूत्रपिंडांच्या नावावर जमा होतं, एवढं मात्र त्यांच्या वाचनातून निसटलं होतं.

'बाप' अशी पाटी दिसली. खरंच त्या नावाचं गाव आहे. "बाप आला, बाप आला," म्हणून मी हसत होतो, तेवढ्यात मागून बारीक आवाजात मावशी म्हणाली, "बाळ, जरा बघ हं कुठे."

मराठी घरात हे वाक्य इथंच संपतं. काय बघ, असं कुणी विचारत नाही.

मी बघायला लागलो. मनात वाळूच्या टेकड्या होत्या, त्यांच्या पलीकडे कुणीही बिनघोर लपावं अशा. प्रत्यक्षात वाळवंटाची कड म्हणजे परातीसारखा सपाट मुलूख. खडा, रेती, घोट्याएवढं गवत, मधूनच रुईचं एखादं झुडूप, आणि त्या झुडपामागे आधीच कुणाची तरी शेळी. झाडं होती ती खेजडीची.

"ही म्हणजे आपली शमी बरं का," काका म्हणाले. "पांडवांनी अज्ञातवासात शस्त्रं लपवली ती हिच्यावरच."

पण तिकडे थंडीत खेजडीचा पाला चाऱ्यासाठी छाटून नेतात. नुकत्या मुंजीतल्या बटूसारखी बोडकी झाडं ओळीनं उभी होती. मावशीनं एकेका झाडाकडे नीट पाहिलं. "इथे भीमाची गदा राहू दे, साधं लाटणं लपायचं नाही."

फलोदीच्या अलीकडे एक पेट्रोल पंप लागला. स्वच्छतागृह होतं, त्यावर बाईचं चित्रही होतं, आणि कडीला नारळाएवढं कुलूप. किल्ली मालकांकडे, मालक लग्नाला. कोणाच्या, तेही त्या मुलानं अगदी आपुलकीनं सांगितलं.

पुढे तर रस्त्यानंच छळ मांडला. दुपारच्या उन्हानं डांबर तापलं की त्याच्या लगतची हवा विरळ होते, प्रकाश वाकतो आणि आभाळाचं प्रतिबिंब रस्त्यावर पाण्यासारखं चमकतं. काकांनी हे सगळं समजावून सांगितलं. "ते बघ, तिथे पाणी. आता तिथे. अगदी भरून वाहतंय!"

"अहो, पाण्याचं नाव काढू नका," मावशी दातओठ खात म्हणाली.

काकांनी विषय बदलला. "पोखरण आलंच. १९९८ च्या अणुचाचण्यांची तयारी इथे रात्री-रात्री केली आपल्या लोकांनी. अमेरिकेच्या उपग्रहांनाही पत्ता लागला नाही!"

मागे काही क्षण शांतता. मग मावशी म्हणाली, "यांनी अख्खा अणुबॉम्ब लपवला. मी पाच फूट बाई आहे."

मी कच्चकन ब्रेक दाबला.

हिनं डिकीतून चादर काढली. गाडीचे एका बाजूचे दोन्ही दरवाजे उघडायचे, त्यांच्यामध्ये चादर ताणायची, आत मावशी. बेत चोख होता, फक्त त्यात वारा धरलेला नव्हता. चादर शिडासारखी फुगली, एक टोक सुटलं आणि आतून "अगं धर! धर!" असा आवाज आला. काकांना आणि मला पन्नास पावलं लांब, उत्तरेकडे तोंड करून उभं केलं होतं. समोर काहीही नव्हतं. पण सुरतेच्या लुटीला निघाल्यासारखे आम्ही क्षितिजावर डोळे लावून होतो.

तेवढ्यात लाल पागोटेवाला एक मेंढपाळ तीसचाळीस मेंढ्या घेऊन आला. त्यानं एकदा चादरीकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे. अक्षर बोलला नाही. काठी आडवी धरून त्यानं सगळा कळप रस्ता आणि गाडीच्या मधे वळवला, आणि आपण पाठ करून आमच्या शेजारी, उत्तरेकडे तोंड करून उभा राहिला. आम्ही तिघं पुरुष आणि समोर थर.

मेंढ्यांच्या मागून मावशी आली ती पदर सावरत, पार वेगळ्या चेहऱ्यानं. मेंढपाळाला हात जोडले. गाडीत बसली आणि म्हणाली, "काय हवा आहे हो इथली!"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सम गावाला गेलो, जैसलमेरपासून चाळीसेक किलोमीटरवर. इथे मात्र चित्रातल्यासारख्या टेकड्या होत्या, एकीमागे एक. सूर्य बुडत होता, उंट चालले होते, काका कॅमेरा घेऊन गुडघ्यावर बसले होते. मावशीची नजर एका टेकडीवरून दुसरीवर फिरत राहिली.

"एवढा आडोसा," ती म्हणाली, "आणि सगळा इथे आणून टाकलाय मेल्यांनी."