‘हवेत जेमतेम ०.०४ टक्के, त्याने काय होणार?’

‘हवेत कार्बन डायऑक्साइड फक्त ०.०४ टक्के. दहा हजार रेणूंमागे चार! एवढ्याने पृथ्वी तापत नसते. खरा हरितगृह वायू पाण्याची वाफ आहे, कार्बन ज्वालामुखी सोडतात आणि तापमान सूर्य ठरवतो.’ हा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर सारखा फिरतो. त्यातला आकडा खरा आहे, म्हणूनच तो पटकन पटतो.

आधी टक्केवारी. कोरड्या हवेचा ९९.९ टक्के भाग नायट्रोजन, ऑक्सिजन आणि आरगॉन. तापलेली जमीन डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांतून उष्णता वर सोडते. हे तिन्ही वायू त्यांना जवळपास अडवतच नाहीत. मग त्यांच्याशी तुलना कशाला? किरणांच्या वाटेत कार्बन डायऑक्साइड किती येतो ते मोजू. सगळं वातावरण समुद्रसपाटीवरच्या दाबाला आणलं तर त्याची जाडी ८ किलोमीटर भरते. त्यातला कार्बन डायऑक्साइड वेगळा काढला तर ३.४ मीटरचा शुद्ध थर होईल, घराच्या एका मजल्याहून उंच. उद्योगयुगाआधी, दहा लाखांत २८० भाग असताना, हाच थर सव्वादोन मीटर होता. वरचा मीटरभर आपण चढवला.

यावर जरा जाणकार माणूस म्हणतो, १५ मायक्रॉन तरंगलांबीच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपासचे किरण हवेतला कार्बन डायऑक्साइड आधीच पुरते शोषतो, मग वायू वाढून फरक काय? स्वीडनचा भौतिकशास्त्रज्ञ कनूट ऑंगस्ट्रॉम याने १९०० साली हाच आक्षेप घेतला होता. आक्षेप चांगला आहे, पण त्यात वातावरण एकच थर धरलंय. प्रत्यक्षात उष्णता एका थराकडून दुसऱ्याकडे जात जात वर सरकते आणि जिथे डोक्यावरची हवा पुरेशी विरळ होते तिथून अवकाशात सुटते. वायू वाढला की ही सुटण्याची उंची वर सरकते. दर किलोमीटरला हवा साधारण ६.५ अंशांनी थंड होते, आणि थंड थर कमी उष्णता फेकतो. सूर्याकडून आवक तेवढीच, जावक घटलेली. खालचं सगळं तापून हिशेब जुळेपर्यंत ही तूट राहते. शिवाय १५ मायक्रॉनच्या दोन्ही कडांना किरण पूर्ण अडलेले नाहीत, तिथेही वाढीव वायू काम करतो. कार्बन डायऑक्साइडच्या दर दुपटीला ही तूट चौरस मीटरमागे सुमारे ३.७ वॅट.

वाफेचा वाटा सर्वात मोठा, हे खरंच. आभाळ निरभ्र आणि हवा कोरडी असली की निफाडच्या द्राक्षबागांत पहाटे पारा कोसळतो, ढगाळ रात्री कोसळत नाही. पण हवेत किती वाफ टिकेल हे तापमानच ठरवतं. जास्तीची वाफ आठ-दहा दिवसांत पाऊस होऊन खाली येते. कार्बन डायऑक्साइडची वाढ शतकानुशतकं उरते. त्याने हवा १ अंश तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त वाफ मावते, आणि ती वाफ आणखी तापवते. वाफेचा मुद्दा त्या मजकुराच्याच विरोधात जातो.

ज्वालामुखी वर्षाला १ अब्ज टनाहून बराच कमी कार्बन डायऑक्साइड सोडतात. कोळसा, तेल, वायू आणि सिमेंट मिळून ३५ अब्ज टनांहून जास्त. शिवाय हवेतला ऑक्सिजन किंचित घटतोय, आणि ही जळणाची खूण आहे.

सूर्य जबाबदार असता तर वरची हवाही तापली असती. मोजमापं उलट सांगतात: खालचं वातावरण तापतंय, त्यावरचा थर, म्हणजे स्थितांबर, थंड होतंय. १९७८ पासून उपग्रह सूर्याची ऊर्जा मोजताहेत. त्यात वाढ नाही.

एक विनंती आपल्या बाजूच्यांनाही. या मजकुराला उत्तर म्हणून व्हिनेगर-सोड्याच्या दोन बाटल्यांचा प्रयोग पाठवू नका. त्यात एका बाटलीत साधी हवा, दुसरीत व्हिनेगर-सोड्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड ठेवून दोन्ही दिव्याखाली तापवतात. कार्बन डायऑक्साइडची बाटली जास्त तापते ती मुख्यतः आतला वायू जड असल्यामुळे, बाहेरच्या हवेत तो लवकर मिसळत नाही. आरगॉन भरला तरी जवळपास तेच होतं. दाखवायचंच असेल तर मेणबत्ती आणि कॅमेरा यांच्यामध्ये नळी ठेवा. कॅमेरा ४.३ मायक्रॉनचे अवरक्त किरण टिपणारा हवा. नळीत कार्बन डायऑक्साइड सोडला की पडद्यावरची ज्योत विझत जाते, आणि डोळ्यांना मात्र ती तशीच जळताना दिसते.