वाळवणाची राखण

एप्रिलच्या रविवारी खान्देशातल्या माणसाने घरात सापडूच नये. मी सापडलो. अमळनेरला आमच्याकडे आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आत बिबडे-पापड सगळं डब्यात गेलं पाहिजे असा दंडक आहे, कारण आखाजीला बहिणी माहेरी येतात आणि जाताना रिकाम्या हाताने जात नाहीत. तर सकाळी सकाळी आईने हातात काठी दिली आणि अहिराणीत ऑर्डर सोडली, "कावळा उना तर हाकल. नि तू बी खाऊ नको."

म्हणजे कावळा आणि मी एकाच यादीत.

बिबडे म्हणजे काय, तर ज्वारी दोन-तीन दिवस भिजवायची, वाळवून भरडायची, मग तीळ, लसूण, मिरची घालून मोठ्या पातेल्यात घाटा शिजवायचा आणि ओल्या फडक्यावर पाण्याच्या हाताने थापत बसायचं. कंबर मोडते बायकांची. पण पातेल्यातून वाटीत काढलेला गरम घाटा आणि वर कच्चं तेल, हे ज्याने खाल्लं नाही त्याने माझ्याशी हॉटेलच्या बुफेबद्दल बोलूच नये.

पहिला तास बेकार गेला. मोबाईल तापून बंद पडला, टाकीची सावली सरकेल तशी माझी खुर्ची सरकतेय, आणि कावळ्याचं एकवेळ ठीक, हाड म्हटलं की जातो तरी, खार मात्र पापड उचलून कठड्यावर बसते आणि आपल्याकडे बघत बघत कुरतडते, अशा वेळी काठीचा काय उपयोग?

मग हळूहळू लक्षात यायला लागलं की राव, ही तर चैन आहे! खालून दळणासाठी हाक आली, सिलेंडरसाठी आली, पाहुण्यांना स्टँडवर सोडायला कोण जातं म्हणून आली, सगळ्याला एकच उत्तर, "राखण करतोय!" पुढे कोणी बोलूच शकत नाही. इतका सन्मानाने रिकामा मी ऑफिसातसुद्धा कधी बसलो नव्हतो.

आणि अकराच्या सुमाराला बिबडा अशा एका अवस्थेत येतो की कडा कुरकुरीत आणि मधोमध अजून ओला, चिवट, लसूण नुसता दरवळतोय. ही अवस्था फार टिकत नाही म्हणून घाई करावी लागते. ओळीच्या मधला उचलला तर भोक दिसतं, टोकाचा उचलला तर ओळच आखूड वाटते, एवढंच.

समोरच्या गच्चीवर रिटायर काका, डोक्याला ओला टॉवेल, तीच ड्युटी. एरवी आमचं बोलणं "काय म्हणता" पलीकडे जात नाही. आज त्यांनी उडदाच्या लाट्या आणि तेलाची वाटी दाखवली, मी बिबडा दाखवला, आणि गल्लीवरून पिशवी टाकून व्यवहार झाला. लाटी तेलात बुडवून खाल्ली. खारापेक्षा मिरी जास्त, पण झकास!

चारला वावटळ आली. बिबडे फडक्याला चिकटलेले, ते हलले नाहीत, पापड मात्र भुर्रकन काकांच्या गच्चीवर आणि त्यांचे आमच्याकडे, आम्ही दोघं कठड्यापाशी ओरडतोय, "तुमचे की आमचे?" शेवटी अंदाजाने वाटणी केली.

संध्याकाळी आईने चळत हातात घेतली, एकेक पापड उजेडाकडे धरला आणि सहा बाजूला काढले.

"हे त्यांचे. जाड लाटेल शेत. उद्या देई ये, पण काकूले सांगू नको."

बिबडे तिने अजून मोजलेले नाहीत.